पाच हजारांच्या वरचा आवाज

सदाशिव पेठ, पुणे ३०
रविवार, २२ नोव्हेंबर २००९

तीर्थस्वरूप रावसाहेबमामा यांस पुण्याहून श्यामसुंदरचा साष्टांग नमस्कार. (‘तीर्थरूप’ हे फक्त आईवडिलांना लिहायचं, मामांना ‘तीर्थस्वरूप’. मागच्या पत्रात स्पृहाने हा फरक पाळला नव्हता, त्याबद्दल तिच्या वतीने मी दिलगीर आहे.) आपला गुडघा आता कसा आहे? मामींनी चहातली साखर खरोखर सोडली, की फक्त आपल्यासमोर सोडली? इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. म्हणजे दोघी नक्की बऱ्या आहेत. माझ्याविषयी पुढे सविस्तर येईल.

आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत. एक, स्पृहाच्या गाण्याची सीडी बंगळुरूला गेली का? आणि दोन, मी सारखा ज्याविषयी लिहितो तो ‘डॅक’ म्हणजे काय, आणि आपल्या आनंदने पाठवलेल्या कॉम्प्युटरला तो आपण घ्यावा का? पहिल्याचं उत्तर या घटकेला ‘नाही’ असं आहे. शेवटची तारीख तीस नोव्हेंबर. शिष्यवृत्ती दोन वर्षांची, राहणं आणि गाण्याचं शिक्षण दोन्ही तिथल्या संस्थेकडे, आणि निवड फक्त वीस मिनिटांच्या ध्वनिमुद्रणावरून. ती मिळाली नाही तर हिंजवडीच्या एका कंपनीचा फॉर्म तिच्या आईने, सुहासिनीने, भरून ठेवला आहे, आणि मग गाणं रविवारचं होईल. एवढी गोष्ट पणाला लागलेली असताना सीडी का गेली नाही, याचं उत्तर आपल्या दुसऱ्या प्रश्नात आहे. म्हणून तो आधी घेतो.

आपण जाणताच की आमच्या घरातून कोणतंही ध्वनिमुद्रण बाहेर जायचं तर ते आधी माझ्या पसंतीस उतरावं लागतं. मी गाणं शिकलेलो नाही, इलेक्ट्रॉनिक्सच्या कॉलेजातही गेलेलो नाही. खडकीच्या बाजूला पत्रे दाबायच्या शेडमध्ये बत्तीस वर्षं काम केलं आणि उरलेल्या वेळात पुस्तकं वाचून, सोल्डरिंगने बोटं भाजून, ध्वनी हा विषय स्वतःच्या हिमतीवर शिकलो. (शेडमध्ये कानात घालायला बोळे देत असत. ते मी कधीच घातले नाहीत. सतत बोळे घालून कान बोथट होतात असं माझं मत होतं.) स्पृहाने ऑगस्टमध्ये पहिलं ध्वनिमुद्रण केलं ते मी आमच्या जुन्या स्पीकरवर ऐकलं आणि वहीत नोंद केली : ‘स्वर उत्तम, लय उत्तम, तार षड्जाला धार नाही.’ ती नोंद तारखेसह उतरवून तिला दिली. तिने दुसऱ्यांदा गायलं. धार नाही. तिसऱ्यांदा गायली तेव्हा ती धार आणण्यासाठी इतका जोर लावत होती की दुसऱ्या दिवशी तिचा घसा बसला, आणि तिच्या गुरू दीपमालाताई यांनी तिला विचारलं, “हे ओरडायला तुला शिकवतंय कोण?” स्पृहाने माझं नाव सांगितलं नाही. ते मला सुहासिनीकडून कळलं, चहासोबत.

आता न्यायबुद्धीने पाहता दोनच शक्यता होत्या. एक तर दोष गळ्यात, नाहीतर दोष माझ्या यंत्रात. (तिसरी शक्यता असू शकते हे त्या वेळी मला सुचलं नाही.) मुलीवर अन्याय नको म्हणून मी ठरवलं की आधी यंत्र निर्दोष करायचं, मगच निकाल द्यायचा.

तर डॅक. कॉम्प्युटरमध्ये गाणं असतं ते नुसत्या आकड्यांच्या रूपात. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी जी पेटी ती डॅक. आणि क्रॉसओव्हर म्हणजे आवाजाची वाटणी करणारा : खालचे स्वर मोठ्या स्पीकरला, वरचे छोट्याला, ज्याला ट्वीटर म्हणतात. ही वाटणी पूर्वी तारांची वेटोळी आणि कपॅसिटर वापरून करत. हल्ली कॉम्प्युटरच आकड्यांची वाटणी करतो, तीही इतकी काटेकोर की आपल्याकडे भावाभावांतसुद्धा झालेली नसेल. मी वाटणी पाच हजारांवर ठेवली. म्हणजे सेकंदाला पाच हजार कंपनांपर्यंतचा आवाज मोठ्याकडे, वरचा सगळा छोट्याकडे. तार षड्ज स्वतः चारशे पंधराच्या आसपास असतो, पण त्याची चमक, त्याची धार ही वरच्या उपस्वरांत असते. ती पाच हजारांच्या वर.

वाटणी कॉम्प्युटरने करायची तर दोन स्पीकरचे मिळून चार भाग होतात, आणि चार वाटांचा डॅक लागतो. मी इथे चूक केली, ती मोकळेपणाने सांगतो. दोन वाटांचा एक उत्तम डॅक माझ्याकडे होता म्हणून तसाच दुसरा घेतला. दोन अधिक दोन चार. परंतु प्रत्येक डॅकच्या पोटात स्वतःचं घड्याळ असतं आणि कोणतीही दोन घड्याळं एकमेकांचं ऐकत नाहीत. सुरुवातीला सगळं ठीक, पण अर्ध्या तासाने तबल्याचा डग्गा पुढे आणि कडेवरची चाट मागे. सुहासिनी म्हणाली, “तबलजी दोन आहेत का हो? आणि बोलत नाहीत वाटतं एकमेकांशी.” तिला यातलं काही कळत नाही, पण निदान अचूक होतं. शेवटी एकाच घड्याळावर चालणारा चार वाटांचा डॅक मी अमेरिकेहून मागवला. (तो येईपर्यंत दिवाळी येऊन गेली. आकाशकंदील मी लावला नाही, हे सुहासिनीने आपल्याला कळवलं असेलच.)

तोवर जुन्या जोडीवरच मी धारेचा शोध चालू ठेवला. ट्वीटर थोडा वाढवला. धार नाही. आणखी वाढवला. वहीत ‘अधिक तीन’, ‘अधिक सहा’, ‘अधिक नऊ’ अशा डेसिबलच्या नोंदी आहेत. ‘अधिक नऊ’ला मला किंचित काहीतरी चमकल्यासारखं वाटलं. त्याच सुमारास सुहासिनी आणि स्पृहा आतल्या खोलीत दार लावून बसू लागल्या. “कुकरची शिट्टी याच्यापेक्षा गोड आहे,” असं एकदा दाराआडून ऐकू आलं. हॉलमध्ये महिनाभर मी एकटा होतो. एकांतात ऐकण्याची माझी जुनी इच्छा पूर्ण झाली असं मी धरून चाललो.

नवा डॅक चार नोव्हेंबरला, बुधवारी आला. तपकीर गल्लीत रतन म्हणून एक कारागीर आहे, ज्याच्याकडून मी सुटे भाग घेतो. त्याने बजावलं होतं की ट्वीटरच्या वाटेत रक्षणासाठी एक साधा कपॅसिटर टाका, कारण कॉम्प्युटर सुरू होताना जो टुंग आवाज करतो तो वाटणीचा प्रोग्राम जागा होण्याआधीच निघतो आणि नव्या डॅकमधून अख्खाच्या अख्खा ट्वीटरवर जाऊन आदळतो. मी म्हणालो, आवाजाच्या वाटेत दरवान नको. बुधवारी सायंकाळी सगळी जोडणी करून मी कॉम्प्युटर सुरू केला. टुंग झालं. जरा मोठंच झालं. मग मी स्पृहाचं पहिलं ध्वनिमुद्रण लावलं.

मामा, त्या दिवशीची नोंद जशीच्या तशी देतो : ‘नव्या डॅकमुळे वरच्या स्वरांत रेशमी मोकळेपणा. असे पूर्वी कधी ऐकले नाही.’ आणि हा केवळ माझा समज नव्हता, याला साक्षीदार आहेत. दार उघडलं. सुहासिनी मंडईतून आणलेले मटार घेऊन हॉलमध्ये येऊन बसली आणि म्हणाली, “आज छान वाटतंय हो.” स्पृहा आली. तिने दोन मिनिटं ऐकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, माझ्या एकाही यंत्राला सुहासिनीने ‘छान’ म्हटलेलं नव्हतं. पुढचे अकरा दिवस रोज संध्याकाळी आम्ही तिघं एकत्र बसून गाणं ऐकत होतो. धार अजूनही कमी वाटत होती, पण घरात सगळे इतके प्रसन्न होते की मी निकाल पुढे ढकलत राहिलो.

पंधरा तारखेच्या रविवारी मी रतनला मुद्दाम बोलावलं. (खरं सांगायचं तर दरवानाशिवाय कसं चाललंय ते दाखवायला.) तो बसला, एक तान ऐकली, उठला, ट्वीटरला कान लावला. मग दुसऱ्याला लावला. “साहेब, यात काहीच नाही.” मी म्हटलं, नीट ऐक. त्याने मीटर काढला. दोन्ही ट्वीटर जळालेले. पहिल्याच टुंगला. म्हणजे अकरा दिवस मी जो रेशमी मोकळेपणा ऐकत होतो तो ट्वीटर बंद असण्याचा होता.

रतनच्या पिशवीत एक जुनी जोडी होती. ती त्याने माझ्या ‘अधिक नऊ’वरच लावली आणि गाणं सुरू केलं. मी कान देऊन ऐकलं. फरक काही नाही. मी म्हणणार होतो की तुझी जोडीही जळकीच दिसते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो! परत सुरू केलंत का ते?”

रतनने माझ्याकडे पाहिलं, मग घाईघाईने मीटरची वायर गुंडाळू लागला. वायर गुंडाळलेलीच होती. त्याची ती सभ्यता मी विसरणार नाही.

तो गेल्यावर मी कॉम्प्युटरमधला सूर काढायचा प्रोग्राम लावला. यात साधी एकेक शिट्टी वाजते, आकडा आपण ठरवायचा. तीन हजार, ऐकू आली. चार हजार, आली. पाच हजार, आली असावी. सहा हजारांवर मी स्पीकरची वायर तपासायला उठलो. तेव्हा स्पृहा येऊन शेजारी बसली. तिने माझ्या हातून माऊस घेतला आणि आकडा वाढवत गेली. आठ हजार. दहा हजार. खोलीत मला फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती. चौदा हजारांवर तिने नाक मुरडलं आणि एका हाताने कान झाकला. मी तिच्याकडे बघत होतो. ती म्हणाली, “बाबा, बंद करू का?” आणि मी विचारलं, “चालू आहे का?”

तिने कॉम्प्युटर रीतसर बंद केला, मी शिकवलं आहे त्याच क्रमाने.

तेव्हा मामा, दोष गळ्यात नव्हता आणि यंत्रातही नव्हता. ज्या धारेसाठी मी पोरीला घसा बसेपर्यंत गायला लावलं ती धार पहिल्या दिवसापासून तिथे होती. ती ऐकू न येणारा मनुष्य परीक्षक म्हणून बसला होता, वही घेऊन. आठ दिवस विचार करून मी निर्णय घेतला आहे : ऑगस्टमधलं पहिलं ध्वनिमुद्रण, कोणताही फेरफार न करता, पाठवावं. उद्या सोमवारी सकाळी मी स्वतः कुरिअरच्या दुकानात जाऊन ते देणार आहे. माझी संमती आहे, हे तिला आज जेवताना सांगेन.

मामींना नमस्कार, आनंदला आशीर्वाद. आपल्या पायांवर डोकं ठेवून, पण गुडघ्याला धक्का न लावता, इथेच थांबतो.

आपला,
श्यामसुंदर

ता. क. : आपण डॅक घेऊ नये. आनंदच्या कॉम्प्युटरला जे मूळचं भोक आहे त्यात स्पीकरची पिन घालावी आणि ऐकावं. तरीही घ्यायचाच असेल तर चार वाटा, एक घड्याळ, आणि ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर. रतनचं म्हणणं बरोबर होतं. हे मी त्याला अद्याप सांगितलेलं नाही.

आणखी ता. क. : वरील पत्र सुहासिनीने वाचलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे सीडी दसऱ्याच्या दिवशीच गेली आहे. ऑगस्टमधलीच. दीपमालाताईंनी ऐकून स्वतः पाकीट बंद केलं, आणि कुरिअरची पावती पोह्यांच्या डब्यात आहे. (आहे. पाहिली.) मी विचारलं, मग दोन महिने मी डॅक आणि वाटण्या करत होतो तेव्हा बोलला का नाहीत? त्यावर ती म्हणाली, “तुम्ही कुणाचं ऐकता का?” स्पृहा प्रत्येक सूचनेला ‘हो बाबा’ म्हणत होती, तो मी आदर समजत होतो. मंगळवारी ती मला कानाच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. तिथे एका बंद खोलीत बसवून सूर ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं असतं. त्यांचं यंत्र कोणत्या डॅकवर चालतं हे मी फोनवर विचारलं होतं, त्यांनी फोन ठेवला.

शेवटचं, आणि पत्र लिहायला बसलो ते खरं यासाठी : सोबत त्याच ध्वनिमुद्रणाची एक प्रत पाठवत आहे. आपलं वय पाहता पाच हजारांच्या वरचं आपलंही गेलेलं असणार, राग मानू नये. पण आपण कधी धार शोधत बसला नाहीत, आपण गाणं ऐकता. ऐकून जे वाटेल ते कृपया मला कळवू नका. स्पृहाला स्वतंत्र पत्र लिहा, तिच्या नावाने, आणि त्यात तार षड्जाबद्दल दोन ओळी असू द्या. मी आता ‘छान आहे’ म्हणालो तर ती ‘हो बाबा’ म्हणेल. माझा अभिप्राय तिच्याकडे तीन वेळा, तारखांसह, लेखी आहे. त्याच्याशेजारी ज्याने ऐकलं आहे अशा कुणाचा तरी एक असावा.