उघडे अकरा कागद

पनवेल, ४ ऑगस्ट १९९५

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

आमचा राजस नोकरीसाठी बडोद्याला जाताना त्याचा कॉम्प्युटर माझ्या गळ्यात घालून गेला, हे तुला ठाऊक आहेच. हल्ली एक ओळ उमटेपर्यंत माझा चहा पिऊन होतो. दुकानदार इंद्रजीत म्हणतो, चार एमबी मेमरी पुरत नाही, आणखी चार घाला. मला वाटतं त्याचा माझ्या पेन्शनवर डोळा आहे. तू पुतणी आणि त्या धंद्यातली. सांगशील तसं करीन.

दादांचा दमा कसा आहे? मी विचारलं असं त्यांना सांगू नकोस.

तुझा काका,
गुरुदत्त

पुणे, ९ ऑगस्ट

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

इतक्यात काही विकत घेऊ नका. वरच्या पट्टीत 'विंडो' आहे, ते दाबा. जे कागद उघडे असतील त्यांची यादी दिसेल, ती मला उतरवून पाठवा.

बाबांचा दमा बरा आहे. तुमचं नाव निघालं की मात्र पेपरात तोंड घालतात. आईच्या दिवसांना तुम्ही आला नाहीत, याला दोन वर्षं झाली. मलाही राग आला होता, खोटं कशाला सांगू?

तुमची,
रेवा

पनवेल, १५ ऑगस्ट

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

तहसील कचेरीत तीस वर्षं काढली. सकाळी प्रलंबित प्रकरणं टेबलावर मांडायची, निकाल लागेपर्यंत एकही कपाटात टाकायचं नाही. तीच सवय इथेही लागली आहे. रोज सकाळी सगळे कागद उघडून ठेवतो.

यादी अशी: वीजबिलाची तक्रार, तळोज्याच्या धुराबद्दल अर्ज, सोसायटीचं पाणी, 'दादांस १' ते 'दादांस ११'.

यादीत खाडाखोड करणं मला जमत नाही, म्हणून आहे तशी पाठवतो. शेवटच्या अकरांबद्दल विचारू नकोस.

तुझा,
काका

पुणे, २० ऑगस्ट

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

आणखी मेमरीची काही गरज नाही. एका वेळी एकच कागद उघडा. सेव्ह केलेला कागद बंद केला तरी हरवत नाही.

अकरांबद्दल विचारत नाही. बाबांचा पत्ता मात्र अजून तोच आहे.

तुमची,
रेवा

पुणे, ३१ ऑगस्ट

चि. गुरुदत्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा जाडजूड लिफाफा पोचला. अकराही पत्रं वाचली. पहिल्यात तू कचेरीच्या तपासणीचं कारण दिलं आहेस, चौथ्यात तापाचं. खरं लिहायला तुला अकरावं पत्र उजाडावं लागलं. जिने तुला हाताला धरून शाळेत नेलं, त्या वहिनीला तसं निजलेलं बघायचा धीर झाला नाही, म्हणून एसटी स्टँडवरून परत फिरलास.

अरे, मला तरी कुठे बघवत होतं? पण मला परत फिरायला जागा नव्हती. त्या तेरा दिवसांत मी सारखा दाराकडे बघत होतो. फार रागावलो होतो तुझ्यावर. अजूनही थोडा आहे, तो तू आल्यावर काढीन.

सोमवारी ये. रेवा दिवसभर कामावर असते, आणि तिच्यासमोर मला रडता येत नाही. सुनीताबद्दल बोलायला तुझ्याशिवाय मला आहे कोण?

वाट बघणारा,
तुझा दादा