साच्यातला जायफळाचा वास

२४ ऑगस्ट, रविवार

जायफळ घातलंच नव्हतं! व्हॅनिलाचे दोन थेंब, बाकी काही नाही. तरी मफिन काढायला ओटीजीचं दार उघडलं आणि स्वयंपाकघरभर जायफळाचा वास.

स्वयंपाकघर ते केवढं — फ्रिज उघडायचा तर आधी आपण बाहेर व्हायचं. यांची लेक मनाली दारात येऊन उभी राहिली, नाक वर करून. म्हणाली, "काकू, आज आईसारखे झाले." आई गेली तेव्हा ही तीन वर्षांची, आता सात. तरी वास बरोबर लक्षात! चार मफिन खाल्ले. एरवी मला तिच्याकडून चार शब्द मिळत नाहीत.

साचा मधुवंतीचा आहे. यांच्या पहिल्या बायकोचा. सिलिकॉनचा, जांभळा, सहा खळग्यांचा. गेल्या वर्षी यांची वर्ध्याहून इथे बुलढाण्याला बदली झाली. त्या सामानात एक खोकं बांधलेलंच पडून होतं. त्यात कढईच्या आत हा गुंडाळलेला सापडला. तिची या घरात एवढीच वस्तू. फोटोसुद्धा नाही. "आईला सहन होत नाही," असं हे म्हणतात, सासूबाईंबद्दल.

२५ ऑगस्ट

साचा तीनदा घासला. लिंबू, सोडा, कढत पाणी. वाळल्यावर नाक लावून बघितलं — भांड्याच्या साबणाचा वास, बस. मग काल काय होतं?

२७ ऑगस्ट

गणपती बसले. मोदकाच्या सारणात जायफळ मीच किसलं. पण तो वास वेगळा. तो माझ्या हाताचा होता.

३१ ऑगस्ट, रविवार

मोबाइलवर एक बाई सांगत होती — साच्याला वास धरला असेल तर तो रिकामाच तापवावा, निघून जातो. दुपारी हे मंडळात गेलेले, सासूबाई आडव्या झालेल्या. साचा स्टीलच्या ताटात ठेवून आत सरकवला. (ताट लागतंच. नुसता उचलला की लुळा पडतो. पहिल्या वेळी अर्धं पीठ ओट्यावर गेलं होतं.)

वास आला. आला म्हणजे काय — भरला! रिकाम्या साच्यातून! दोन्ही खोल्यांत, पडद्यांत, माझ्या केसांत. आणि मनाली झोपेतून उठून धावत आली, "आई!" करत. थेट ओट्यापर्यंत. मला बघितलं आणि थांबली. परत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

मला रडू आलं आणि रागही आला. मेलेल्या बाईचा राग! लग्न होऊन आल्यापासून मनालीच्या वेण्या मी घालते, डबा मी भरते, ताप आला तेव्हा उशाशी मी. आणि हाक मात्र तिला. एकदा, फक्त एकदा मला आई म्हण, बाकी काही मागत नाही मी.

१ सप्टेंबर

सासूबाईंना सांगितलं. त्यांच्या हातातला लसूण हातातच राहिला. "फेकून दे तो साचा." एवढंच. संध्याकाळी यांना सांगितलं. तेही, "फेकून दे." मायलेकांचं भाजीत मीठ किती यावरही कधी एकमत होत नाही!

फेकला नाही. मनाली त्यातलेच खाते.

३ सप्टेंबर

मलकापूरला आईला फोन केला. ती माझ्याहून घाबरट. "टाक गळ्यात हाये ना? काढू नोको बरं! अन् आधी तिले घास ठेवत जाय, मंग तू खाय. सवत हाये थे, तिले मान पाह्यजे."

टाक आहे. चांदीचा, नखाएवढा, वर बाईची आकृती. दुसरेपणावर दिलेल्या मुलीनं मेलेल्या पहिलीला अशी गळ्यात वागवायची, म्हणजे ती त्रास देत नाही. फेब्रुवारीत मांडवातच आईनं बांधला. तेव्हा सासूबाईंनी मान फिरवली होती. सुनेची आठवण आली असेल, दुसरं काय.

५ सप्टेंबर

आता पहिला मफिन तिचा. खिडकीत ठेवते. आज ठेवताना मोठ्यानंच बोलून गेले — "मधुवंती, पोरगी तुझीच आहे. पण मलाही इथे राहू दे गं."

मागे वळले तर दारात सासूबाई! सगळं ऐकलं असणार. जेवल्या नाहीत.

१० सप्टेंबर

पितृपक्ष लागला. आईचा फोन. "सवाष्ण गेली ना थे? मंग तिची अविधवा नवमी करतेत का नाई?"

करत नाहीत. जेवताना यांना विचारलं. "काही गरज नाही." मी म्हटलं, अहो, सवाष्ण गेलेल्या बाईचं त्या दिवशी पान मांडतात, दुसऱ्या सवाष्णीला जेवू घालतात, त्यानं तिला शांती मिळते. "नाही म्हटलं ना!" ताट सारून उठले. कधी आवाज न चढवणारा माणूस!

असू दे. सोमवारी हे ऑफिसला जातील. माझं मी करीन. यांना नसेल तिचं काही, मला आहे. रोज तिच्या साच्यासमोर मी उभी असते.

१५ सप्टेंबर, सोमवार



शेजारच्या बेबीताईंना सवाष्ण सांगितलं होतं. वडे, कढी, पुरण, खीर केली. मफिनही केले, आज मुद्दाम जायफळ किसून. बेबीताई पाटावर बसल्या. समोर मधुवंतीचं पान मांडलं, हळदकुंकू वाहिलं, खण ठेवला. तेवढ्यात सासूबाई देवळातून आल्या.

"हे कोनाचं?"

म्हटलं, मधुवंतीचं.

"उचल."

मला कळेना. "उचल म्हनतो ना मी!" आणि स्वतःच वाकून ओढलं. खीर फरशीभर. मग माझ्या गळ्याशी हात घातला आणि टाकाचा दोराच तोडला! "काऊन करून राह्यली वं तू असं? पाप लागते! तिचं पान नोको मांडू!" रडत होत्या.

बेबीताई उठून गेल्या. सवाष्ण दारातून उपाशी गेली — याहून वाईट काय व्हायचं राहिलं? सासूबाई कडी लावून बसल्यात. मनाली विचारते, "आजी आईवर रागावली का?"

माझ्या गळ्यावर वळ उठलाय. मधुवंती आता मला सोडत नाही. मला भीती वाटते. खरंच भीती वाटते.

१६ सप्टेंबर

मधुवंती मेलेली नाही.

नागपूरला असते. घटस्फोट झाला, मुलगी यांनी ठेवून घेतली. घटस्फोटवाल्याला पोरगी कोण देणार, म्हणून आम्हाला सांगितलं विधुर. आणि मनालीलाही तेच — आई देवाघरी गेली. सगळं सासूबाईंनी सकाळी सांगितलं, माझे हात धरून. नंबर त्यांनी जपून ठेवला होता. "मले नाही होत. तू लाव."

दुपारी लावला. "हॅलो... कोण बोलतंय?" साधा आवाज, जरा बसलेला.

मनालीला हाक मारली आणि फोन तिच्या कानाला लावला.