अण्णांची नळी निळी येते

५ मे ७९
शेजारच्या गायकवाड मास्तरांना काही झालेलं नाही, तरी डायबेटिसची भीती. अण्णांसोबत रोज सकाळी आमच्याच ओट्यावर लघवी तपासतात. नळीत निळं औषध, वर लघवीचे थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर सुटलो, विटेसारखं लाल झालं तर साखर. अण्णांचं कायम लाल. आज मी मास्तरांच्या बाटलीत चिमूटभर ग्लुकोज टाकलं. लालभडक! मास्तर मटकन खाली, डोळ्यात पाणी. अण्णांनी चपलेनं हाणलं. पण मजा वसूल.

१९ मे
अण्णांची नळी निळी! आई लगेच, "पक्या, पाणी भरलंस ना बाटलीत?" आईशपथ नाही.
अण्णा खूश. कारल्याच्या रसाचा गुण म्हणे.

२ जून
रोजच निळी. इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं की आता चक्कर येते, म्हणून तेपण कमी केलं. कामावर, ओझरच्या कारखान्यात, सांगत सुटलेत, बरा झालो. मग सुजलेल्या पायात चपला का जात नाहीत? मोरीत लघवीचा फेस, साबण कालवल्यासारखा. मला काय कळतंय म्हणा. पण.

४ जून
अण्णांची बाटली गुपचूप डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी उकळून आंबट औषधाचे थेंब टाकले. पांढरं, दह्यासारखं. म्हणाल्या, "प्रोटीन जातंय. किडनी खराब होतेय. म्हणून साखर लघवीत उतरत नाही, रक्तातच राहते. बरे नाही झालेत, बिघडलेत. घेऊन ये त्यांना."
घरी सांगितलं. अण्णा, "अंड्याचा पांढरा बलक घातलास ना? मास्तरांना रडवलंस, आता माझी पाळी?"
आईपण हसली. ते लागलं.

९ जून
आज पाया पडलो. "चला ना अण्णा."
"आशीर्वाद देतो. मॅट्रिक हो."
आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलतोय तर कोणी घेईना. जाऊ दे मरू दे, असं मनात आलं. लिहून टाकलं. खोडत नाही.

१३ जून
सकाळी अण्णांचे डोळे सुजलेले. आई घाबरली. "करून टाका ती तपासणी एकदा घरीच. पोराचं तोंड तरी बंद होईल."
अण्णांची अट एकच, पक्या बाहेर. नळी स्वतः घासली. बाईंनी दिलेलं आंबट औषध हुंगून बघितलं. "यात काय मिसळलंस?" मी थेंब जिभेवर ठेवून दाखवला. तरी दार लावून घेतलं.
पायरीवर बसलो. आत काडी ओढल्याचा आवाज. मग मोरीत पाणी, खूप वेळ.
दार उघडलं. नळी धुऊन लख्ख.
मी, "काय आलं?"
"चहा टाक."
"अण्णा, काय आलं?"
"चहा टाक म्हटलं ना. आणि साखर घाल. दोन चमचे."
आईनं माझ्याकडे बघितलं. मी अण्णांकडे. ते भिंतीकडे.
आधण आलंय. साखरेची बरणी समोर आहे. अजून उघडली नाही.