प्रतीक्षेतील प्रवासी : एक

प्रति,
मा. उपसंचालक (अनुदान व प्रलंबित प्रकरणे),
प्रादेशिक विमानसेवा कार्यालय.

मार्फत : स्थानकप्रमुख (पद रिक्त असल्याने थेट सादर)

विषय : तीन वर्षांपूर्वीच्या १२ जूनचे सकाळी ८.५० चे उड्डाण 'विलंबित' ऐवजी 'रद्द' ठरवून तसा लेखी संदेश मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, दि. २६ जुलै.
२) माझा जबाब, तीन वर्षांपूर्वीचा, दि. १९ जून.
३) विलंब अहवाल क्र. १ ते ३७.

महोदय,

१. मी खाली सही करणार आपल्या अखत्यारीतील छोट्या विमानतळावर स्थानक साहाय्यक या पदावर एकवीस वर्षे काम करीत आहे. प्रवाशांचे व सामानाचे वजन करणे, बसण्याच्या चिठ्ठ्या देणे आणि हॉलमध्ये घोषणा करणे ही माझी कामे. सध्या विमान येत नसल्याने वजन व चिठ्ठ्या बंद आहेत, घोषणाही बंद आहेत. मात्र विमानतळ कागदोपत्री 'कार्यरत' असल्याने मी रोज साडेसातला हजर असतो. माझ्याखेरीज सफाईच्या मावशी येतात. बाकी सर्वांच्या बदल्या झाल्या.

२. आपल्या पत्रात असे विचारले आहे की, नवीन अनुदान योजनेत आमच्या विमानतळाचा विचार व्हावा यासाठी 'प्रलंबित उड्डाण नाही' असा दाखला लागतो, आणि आमच्या नावावर एक उड्डाण अद्याप विलंबित दिसते, त्याचे काय. या योजनेची अंतिम तारीख ३१ ऑगस्ट आहे हेही आपण कळवले आहे. गावात ही बातमी आधीच पोचली आहे. रक्ततपासणी केंद्राचे चालक, लॉजचे मालक आणि न्हावी असे तिघे मला तीनदा येऊन भेटले. विमान गेल्यापासून तपासणीचे नमुने रस्त्याने अकरा तास जातात आणि अर्धे वाटेतच खराब होतात. लॉजच्या बारा खोल्यांपैकी नऊ खोल्यांत आता कांदे भरलेले आहेत. न्हाव्याचे म्हणणे एवढेच होते की, "साहेब, तुमच्या एका कागदासाठी अख्खं गाव ताटकळलंय." ते खरे आहे.

३. सदर उड्डाणाबाबत मी आजवर सदतीस मासिक विलंब अहवाल पाठवले. त्यातील 'विलंब (मिनिटे)' या रकान्याला चारच चौकटी आहेत. त्या सातव्या दिवशी संपल्या. पुढे मी आकडा चौकटीबाहेर लिहू लागलो तेव्हा आपल्या कार्यालयाने अहवाल परत पाठवून 'आकडा चौकटीत बसवावा' असा शेरा मारला. म्हणून गेली तीन वर्षे मी दरमहा ९९९९ मिनिटे लिहीत आहे. 'विलंबाचे कारण' या रकान्यात 'अनुदान' असे लिहिले असता ते कारणांच्या छापील यादीत नसल्याचे आपण कळवले. तेव्हापासून 'धुके' लिहितो. आमच्याकडे धुके पडत नाही.

४. उड्डाण बंद करण्यासाठी नियमाने दोन गोष्टी लागतात. पहिली, उड्डाण होणार नाही हे स्थानकाला नेमके किती वाजता कळले त्याची नोंद. दुसरी, प्रतीक्षेतील प्रवाशांना हॉलमध्ये केलेली घोषणा, किंवा जागा सोडल्याबद्दल प्रवाशाची सही. त्या दिवशीच्या चौदापैकी तेरा प्रवाशांच्या सह्या माझ्याकडे आहेत. एक सही नाही. 'प्रतीक्षेतील प्रवासी : १' असे दर महिन्याच्या अहवालात जाते. आपण पत्रात विचारले आहे की, सदर प्रवासी सध्या कुठे आहे. त्याचे उत्तर परिच्छेद ८ मध्ये देत आहे. आधी थोडे मागचे सांगणे भाग आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

५. जुन्या अनुदानाची अट अशी होती की, एकोणीस आसनांपैकी किमान चौदा भरलेली हवीत. तीन महिन्यांची सरासरी त्याखाली गेली की अनुदान बंद. आमच्या गावात एवढे कामाचे प्रवासी कुठून येणार? म्हणून गावाने पाळ्या लावल्या. ज्याची पाळी त्याने विमानाने शहरात जायचे आणि लगेच बसने परत यायचे. जाताना पन्नास मिनिटे, येताना अकरा तास. न्हावी असा तेवीस वेळा गेला. त्याने शहर पाहिलेच नाही, फक्त बसस्थानकावरचा चहा प्याला, आणि तोही वाईट असतो असे सांगतो. शिंपीकाकांना विमानात मळमळे, तरी ते डोळे मिटून जात. हे नियमात बसत होते की नाही मला माहीत नाही. आसने मात्र भरलेली असत, आणि त्या भरलेल्या आसनांमुळे ज्याला खरी गरज असे त्याला विमान मिळे.

पाळ्यांची वही माझी पत्नी ठेवत असे. ती शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झालेली, त्यामुळे वहीत खाडाखोड नाही. गाव तिला 'पाळीवाल्या बाई' म्हणे. तिचा एकच नियम होता, की आजारी माणूस आला तर पाळीवाल्याने उठायचे. कोणी कुरकुर केली तर म्हणायची, "तुम्ही विमान जिवंत ठेवायला जाता, ते जीव वाचवायला जातात. सरका."

६. त्या वर्षी मे महिन्यात तिच्या हृदयाची झडप बिघडल्याचे कळले. शहरातील रुग्णालयात १३ जूनला शस्त्रक्रिया ठरली. रस्त्याचे धक्के तिला सोसणार नाहीत, विमानानेच न्या, असे डॉक्टरांनी बजावले होते. फारच नाइलाज झाला तर रुग्णवाहिकेतून, आडवे झोपवून, प्राणवायू लावून आणि पहाटेच निघून. १२ तारखेच्या पानावर तिने स्वतःच्या हाताने स्वतःचे नाव लिहिले, आणि पुढे कंसात 'आजारी' असे. एवढ्या वर्षांत तिला तो शब्द स्वतःसाठी प्रथमच लिहावा लागला.

सकाळी साडेसातला रुग्णवाहिकेने तिला विमानतळावर सोडले. मी तिचे वजन केले. छोट्या विमानात माणसांचेही वजन करावे लागते. काट्यावर ४१ किलो ३०० आले. ती म्हणाली, "एवढीशीच उरले बघा. आता विमानाला माझा भार नाही." मी चिठ्ठी दिली. ती ११ क्रमांकाच्या खुर्चीवर बसली, कारण तिथून मी घोषणा करतो त्या खोलीची काच दिसते.

७. यापुढील मजकूर माझ्या संदर्भ क्र. २ मधील जबाबाशी जुळत नाही. त्या जबाबात मी लिहिले आहे की, 'उड्डाण होणार नाही असा कोणताही संदेश मला दुपारी १.४० पूर्वी मिळाला नाही.' हे वाक्य खोटे आहे. ते मी शुद्धीत राहून, स्वतःच्या हाताने लिहिले आहे.

सकाळी ७.४० ला फोन आला. पलीकडून सांगण्यात आले की, अनुदानाची मुदत काल संपली, विमान निघालेले नाही. वर बोलणी चालू आहेत, मुदतवाढ मिळेलही. लेखी संदेश येईपर्यंत 'रद्द' म्हणू नका, 'विलंब' म्हणा. मी हो म्हणालो. त्याआधी दोन वर्षे मी एकदा तोंडी फोनवर विश्वासून उड्डाण रद्द केले होते. लोक घरी गेले आणि विमान आले. ते रिकामे परत गेले, सरासरी घसरली, आणि मला ज्ञापन मिळाले की, लेखी संदेशाशिवाय रद्दची घोषणा करू नये. दुधाने तोंड भाजले म्हणून मी ताक फुंकत बसलो, आणि समोर माझीच बायको बसली होती.

आठ वाजता रुग्णवाहिकेचा चालक काचेपाशी आला. "थांबू का साहेब?" असे त्याने विचारले. मी उत्तर देण्याआधी पत्नीनेच हात केला, "जाऊ द्या त्यांना, दुसरा कोणी पेशंट असेल." मी काचेच्या आत होतो. फोन येऊन वीस मिनिटे झाली होती. मी मान हलवली आणि गाडी गेली. ती गाडी थांबली असती तर सव्वाआठला निघून पत्नी संध्याकाळी शहरात पोचली असती. हे गणित मी रोज करतो आणि ते रोज बरोबर येते.

८.५० पासून १.४० पर्यंत मी अकरा वेळा घोषणा केली. 'प्रवाशांनी लक्ष द्यावे, उड्डाणास विलंब होत आहे.' दहापर्यंत माझा त्यावर थोडा विश्वास होता. दहानंतर नव्हता, पण तोवर गाडी गेलेली होती आणि सांगायला तोंड उरले नव्हते. सहाव्या घोषणेनंतर तिने मला खुणेने काय झाले असे विचारले, आणि मग काचेपाशी येऊन म्हणाली, "अहो, आवाज बसलाय तुमचा. पाणी प्या." इतर प्रवासी चुळबुळ करू लागले तेव्हा तिने त्यांना गप्प केले. "हे सांगताहेत ना, मग येणारच," असे ती माझ्याकडे पाहत म्हणाली.

१.४० ला लॉजचे मालक धावत आले. त्यांना शहरातून कळले होते की, विमान दुसऱ्या मार्गावर गेले. त्यांनी आपली मोटार दाराशी लावली. तोपर्यंत पत्नीचे ओठ निळसर दिसू लागले होते. मी तिला उठवू लागलो तेव्हा ती खुर्ची धरून म्हणाली, "रद्द झालंय का? झालं असेल तर तसं सांगा, म्हणजे मी उठते." लेखी संदेश आलेला नव्हता. मी म्हणालो, "उशीर आहे." तिने खुर्ची सोडली नाही. आम्ही दोघांनी तिला उचलून नेले. चार वाजून गेल्यावर, मोठ्या पुलाच्या अलीकडे, मोटारीतच ती गेली. चिठ्ठी तिच्या मुठीत होती.

८. आता आपल्या प्रश्नाचे उत्तर. सदर प्रवासी सध्या ११ क्रमांकाच्या खुर्चीवर आहे.

आपण हे वाचून मला वेड लागले असे म्हणाल. म्हणून जे दिसते तेवढेच लिहितो. प्रवाशांच्या वजनाचा काटा रोज सकाळी साडेसातच्या सुमारास, त्यावर कोणी नसताना, ४१ किलो ३०० दाखवतो, आणि थोड्या वेळाने शून्यावर येतो. मी वजनमापे निरीक्षकांना बोलावले. त्यांनी पितळी वजने ठेवून काटा अचूक असल्याचा दाखला दिला, आणि जाताना विचारले की, यावर कोणी उभे राहते का. मी म्हणालो, सध्या कोणी नाही. सफाईच्या मावशी फरशी पुसत त्या रांगेत आल्या की, ११ पाशी थांबून "पाय जरा वर घ्या हं" म्हणतात आणि मग खालून फडके फिरवतात. मी त्यांना याबद्दल विचारले. त्या गोंधळल्या आणि म्हणाल्या, "मी म्हणते होय असं? तोंडात बसलंय मेलं." त्या दोन वर्षांपूर्वी कामावर लागल्या. पत्नीला त्यांनी कधी पाहिलेले नाही.

मला तिची भीती वाटत नाही. उलट सकाळी काटा हलला की मला बरे वाटते, हे मी लपवत नाही. दाखल्यासाठी मी इतके दिवस टाळाटाळ केली त्याचे कारण केवळ खोटा जबाब उघडा पडेल हे नव्हते. उड्डाण विलंबित आहे तोवर तिचे येणे चालू आहे. रद्द झाले की ती उठणार, हे ती स्वतः सांगून गेली आहे. सदतीस महिने मी 'धुके' लिहिले ते तिला बसवून ठेवण्यासाठी. त्या दिवशी नियमासाठी बसवली, नंतर स्वतःसाठी. दोन्ही वेळा तिला विचारले नाही.

गेल्या आठवड्यात शिंपीकाकांच्या सुनेला दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या आणि तिला रस्त्याने न्यावे लागले. ती वाचली, मूल वाचले नाही. काका माझ्याकडे आले, हॉलमध्ये बसले आणि गेले. त्यांनी ११ नंबरची खुर्ची सोडून शेजारची घेतली होती. पत्नीच्या नियमाने बघता, खऱ्या गरजेचा माणूस आला की पाळीवाल्याने उठायचे असते. तो नियम तिला लागू नाही असे ती कधीच म्हणाली नसती.

९. सबब विनंती की,

(अ) उड्डाण होणार नाही हे स्थानकास सकाळी ७.४० वाजता कळले, अशी नोंद घ्यावी. १.४० ही वेळ खोडावी.

(आ) खोट्या जबाबाबद्दल माझ्यावर जी कारवाई व्हायची ती करावी, मात्र त्या कारवाईपायी गावाचा दाखला अडवू नये. चूक माझी आहे, गावाची नाही. नवीन योजनेत आसनांची अट ठेवणार असाल तर पाळ्यांची वही सुस्थितीत आहे, ती मी न्हाव्याकडे सोपवत आहे. तो पुन्हा जायला तयार आहे.

(इ) सदर उड्डाण रद्द झाल्याचा लेखी संदेश मला ३१ ऑगस्टच्या किमान तीन दिवस आधी मिळेल असा पाठवावा. तो टपालाने आला तरी चालेल, पण कागदावर हवा, आणि त्यावर 'रद्द' हा शब्द स्पष्ट हवा. लेखी संदेशाशिवाय रद्दची घोषणा करू नये असे मला ज्ञापन आहे, आणि ते अद्याप मागे घेतलेले नाही.

१०. संदेश मिळताच दुसऱ्या दिवशी सकाळी ८.५० ला मी हॉलमध्ये घोषणा करीन. ध्वनिक्षेपकाची वीज तोडलेली असल्याने ती काचेबाहेर येऊन, ११ क्रमांकासमोर उभे राहून करावी लागेल. त्याआधी पाणी पिईन. त्यानंतरच्या सकाळी काटा पाहून दाखल्यावर सही करीन आणि प्रतीक्षेतील प्रवाशांच्या रकान्यात शून्य लिहीन. तो आकडा चौकटीत बसतो.

उशीर माझ्याकडून झाला आहे, आता आपल्याकडून होऊ नये, ही विनंती.

आपला आज्ञेत राहिलेला,
(सही)
स्थानक साहाय्यक
दि. ४ ऑगस्ट

सोबत :
१) तेरा प्रवाशांच्या सह्यांचा तक्ता, मूळ प्रत.
२) लेखी संदेशाबाबतचे ज्ञापन, छायाप्रत.
३) काटा अचूक असल्याचा दाखला.
४) प्रवासी चिठ्ठी, दि. १२ जूनची, वजन ४१.३००, मूळ प्रत, थोडी चुरगळलेली. काम झाल्यावर कृपया परत करावी.