आपलंच मानूस हाय

सुपा, रविवार

तीर्थरूप अण्णा,

सुवर्णाचा तुमच्या पायावर डोकं ठेवून नमस्कार. फोनवर तुमाला नीट ऐकू येत न्हाई, म्हनून लिहिते. आईकडनं वाचून घ्या.

मी बरी हाय. कंपनीतलं काम जमलंय, खोलीवर पानी रोज येतं. तुमी सोबतीला दिलेला भुऱ्याबी बरा हाय. फक्त मी ड्युटीला गेले की दिवसभर दाराशी रडतो, घरमालकीन बोलते. म्हनून आता दर रविवारी त्याला कुत्र्यांच्या ट्रेनिंग क्लबात नेते. तिथं हुकूम पाळायला, वास काढत जायला, राखन करायला शिकवत्यात. पुढं स्पर्धाबी असत्यात.

आज पहिल्यांदाच चावा धरायचा सराव हुता. हाताला जाड बाही बांधलेले सर काठी उगारून आमच्या अंगावर धावून आले. भुऱ्यानं ती बाही दातात धरायची. तो गुरगुरत उठलाबी. पन आपल्या दारात कुनी आलं की तुमी त्याला म्हनता ना, तसंच माझ्या तोंडातनं निघून गेलं, "गप रं, आपलंच मानूस हाय."

झालं! शेपटी हलवत सरांचे पाय चाटाय लागला. सगळे पोट धरून हसले. मीबी हसले.

तुमचे गुडघे कसे हायेत? शेळी व्याली का?

खोलीवर आल्यावर ध्यानात आलं, अण्णा. चार महिन्यांत ते वाक्य मी इथं पहिल्यांदाच बोलले. बोलावं असं दारात कुनी आलंच न्हाई.

काळजी करू नका. भुऱ्या तुमचं ते बोलनं इसरला न्हाई.

तुमची लेक,
सुवर्णा