भिंतीचा सीन

४ फेब्रुवारी, बुधवार

सेन्सॉरने भिंतीचा सीन अडवला. चित्राला हरकत नाही — आवाजाला आहे!

बोका सांगायला आला तेव्हा मी स्टुडिओत पडद्यावरच्या पावलांचा आवाज काढत खडीच्या ट्रेमध्ये उभी होते. पडद्यावर एक जाडा इन्स्पेक्टर चालत होता आणि त्याचे बूट माझ्या पायात होते. बोका म्हणजे आमचा रेकॉर्डिस्ट. लोकांची पावलं टिपण्यात जन्म गेला, पण स्वतःची पावलं कुठे ठेवून येतो कोण जाणे. कधी मागे येऊन उभा राहिला, कळलंच नाही. म्हणाला, ‘ताई, चित्र पास. तुम्ही नापास.’

चित्रात आहेच काय? एक भिंत आणि भिंतीवर एक खिळा. लेक घर सोडून गेल्यावर एक उतारवयातलं जोडपं कितीतरी वर्षांनी जवळ येतं. कॅमेरा त्यांच्याकडे पाठ करून भिंतीकडेच बघत राहतो, बाकी सगळं आपण कानांनी बघायचं. चुंबन म्हणजे माझंच मनगट. पलंग म्हणजे स्टुडिओतली मोडकी लाकडी खुर्ची. चादर म्हणजे चादर. आणि श्वास — नटी परदेशात, डबिंगला आलीच नाही, म्हणून तोही माझा.

मंडळ म्हणतं, आवाज खरा वाटतो. म्हणजे प्रत्यक्ष प्रसंगाचं रेकॉर्डिंग असणार. म्हणजे अश्लील. काढून टाका!

संतापले आणि हसलेही. इतक्या वर्षांत माझ्या कामाला एवढी मोठी शाबासकी कुणी दिली नव्हती.

५ फेब्रुवारी

घरी बोलले नाही. घरात माझं काम म्हणजे पावलं, दारं आणि पाऊस. हे तर चारचौघांत कौतुकाने सांगतात, ‘तो घोडा पळतोय ना, ती आमची ही!’ चुंबनांचं त्यांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पूर्वी प्रश्नच नव्हता. नायक-नायिका जवळ आले की पडद्यावर दोन फुलं डुलायची, आणि फुलांना आवाज नसतो. आता फुलं गेली. आता आठवड्याला एखादा तरी पलंग मला मोडावा लागतो.

भीती सासूबाईंची. डोळ्यांनी दिसेनासं झाल्यापासून दिवसभर मोबाइल कानाला. फोनशी बोलून मालिका लावतात. ‘पुढचा भाग लाव,’ म्हटलं की लावतो बिचारा. आमच्यात कुणी एवढं ऐकत नाही. फक्त मध्येच गाणं सुरू झालं की ओरडतात, ‘बंद कर ते रडणं!’ गाण्यांचा त्यांना पहिल्यापासून तिटकारा.

आणि हा सिनेमा थिएटरबरोबर मोबाइलवरही येणार. त्यांच्या कानात माझा श्वास!

८ फेब्रुवारी, रविवार

ह्यांच्याबरोबर बागेत गेले. कारंज्यातल्या दगडी बाईच्या अंगावरची सिमेंटची शाल नगरपालिकेने फोडून काढली आहे.

ती शाल ह्यांचीच कृपा! लग्नानंतर दोनेक वर्षांनी ह्यांनी पेपरात पत्र लिहिलं होतं — ‘सहकुटुंब फिरणे अशक्य’. त्यामागून आणखी पत्रं आली, मग मोर्चा, मग गवंडी. तेव्हापासून बाई सिमेंट पांघरून पाण्यात उभी. आता शाल होती तेवढं अंग पांढुरकं दिसतं, बाकीचं उन्हापावसाने काळवंडलेलं. दोन पोरी तिच्या खांद्यापाशी गाल नेऊन फोटो काढत होत्या.

हे बराच वेळ बघत राहिले. ‘बरी दिसते,’ म्हणाले. मग लगेच, ‘पाणी मात्र गढूळ आहे.’

वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. ‘अहो—’ म्हणेपर्यंत हे फाटकापाशी पोचलेसुद्धा.

१० फेब्रुवारी

दिग्दर्शिका स्टुडिओत आली. माझ्या लेकीएवढी आहे, नखं खाते. म्हणाली, ‘ताई, तुम्ही मंडळासमोर करून दाखवा. आवाज बनवलेला आहे हे त्यांना पटलं की सीन सुटला. नाहीतर आवाज काढावा लागेल. मग राहिलं काय? नुसती भिंत.’

पेपरवालेही येणार म्हणे. आणि या वेळी पडद्यावर माझं नाव. शेवटी धावत्या यादीत नाही, सुरुवातीला!

विचार करते म्हणाले. नाही म्हटलं तर घरातली अब्रू शाबूत राहील. पण मग तो आवाज पुसला जाईल. आणि तेवढा चांगला आवाज मी आयुष्यात दुसरा काढलेला नाही, हे मला माहीत आहे.

११ फेब्रुवारी

लेकीचा फोन. सहज विचारलं, असले सीन कापावेत का गं? मग काय, व्याख्यानच! ‘आई, कापणाऱ्यांच्याच डोक्यात घाण असते. शरीराची कसली लाज? तुमच्या पिढीला काही बोलताच येत नाही.’ ऐकून इतकं बरं वाटलं की म्हटलं, ‘त्या सीनला आवाज मी दिलाय.’

‘म्हणजे... तू? तू स्वतः? ई, आई!’

झालं. मग खालच्या आवाजात, ‘बाबांना माहितीये? आजीला? हे बघ, नाव नको देऊस हं. माझ्या ऑफिसमध्ये सगळे बघतात असलं.’

असलं!

१३ फेब्रुवारी

कामाला गेले नाही. दुपारभर पडून छताकडे बघत होते.

तो श्वास माझ्यातून आला कसा, तेच आठवत होते. रेकॉर्डिंगच्या दिवशी बोक्याने दिवे घालवले, पडद्यावर भिंत आली — आणि मला आमची भिंत दिसली. लग्न झालं तेव्हा दोनच खोल्या, मध्ये प्लायवुड, पलीकडे सासूबाई. आमचा सगळा संसार दात आवळून झाला. करकरू नये म्हणून पलंगाच्या पायांखाली ह्यांनी कागदाच्या घड्या सारल्या होत्या. तरी जरा कुठे काही हललं की पलीकडून खट्ट! रेडिओ. कसली तरी गाणी, आणि तीही मोठ्याने. आम्ही जागच्या जागी गोठायचो. हे कूस बदलायचे. मी पदर नीट करून भिंतीकडे बघत पडायचे. तंबीच होती ती — मला कळतंय सगळं, जरा लाज बाळगा.

पुढे मोठं घर झालं, विटांच्या भिंती आल्या, रेडिओ माळ्यावर गेला. गप्प राहायची सवय मात्र गेली नाही. मग हळूहळू बाकीचंही गेलं. भांडण नाही, तंटा नाही, नुसतंच गेलं. ह्यांनी कधी विचारलं नाही आणि मला बोलता आलं नाही.

आणि त्या दिवशी स्टुडिओत बोका काचेपलीकडून म्हणतो, ‘ताई, मोकळ्या आवाजात. अजून मोठ्याने. माइक घेतोय सगळं.’ आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी हे सांगितलं!

आता तोच आवाज खोटा आहे हे सिद्ध करायचं. खोटाच आहे. पण बाहेरून आणलेला नाही, इथेच साठलेला होता. लिहिताना रडू येतंय. येऊ दे.

१५ फेब्रुवारी, रविवार

ह्यांना सांगितलं. जेवताना, एका दमात, ताटाकडे बघत. मनगटापासून श्वासापर्यंत सगळं.

हे उठले, हात धुतले. बराच वेळ धुतले. परत येऊन म्हणाले, ‘आईला कळता कामा नये.’

‘जाऊ नको म्हणता?’

‘जा म्हणत नाही.’

ही परवानगी की नकार, एवढ्या संसारात मला कळलेलं नाही. परवानगी समजले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

करून आले!

पिशवीत चादर आणि तेलाची बाटली. खुर्ची बोक्याने डोक्यावर घेतली होती. दारावरच्या शिपायाने विचारलं, ‘आत खुर्च्या आहेत की, ही कशाला?’ आत लांब टेबल, पाच माणसं, कडेला पेपरवाले. अध्यक्ष पांढऱ्या मिशांचे, सारखे घड्याळ बघणारे. पडद्यावर मुकी भिंत लावली. मी चपला काढल्या.

आधी खुर्ची. मागचा पाय दाबला की ती पलंगासारखी कुरकुरते. मग चादर. मग मनगट ओठांना लावलं तेव्हा पेपरवाल्यांत कुणीतरी फिस्सकन हसलं. कान तापले माझे. वाटलं, सगळं टाकून पळावं. पण पडद्यावरची भिंत बघितली आणि कोण कुठे बसलंय ते विसरले. तळव्यांना तेल लावून तळवे घासले. शेवटी श्वास.

कुणी हसलं नाही.

अध्यक्ष म्हणाले, ‘म्हणजे... हे सगळं हातानेच?’

‘हाताने आणि खुर्चीने, साहेब.’

शेजारचा फाइलवाला काही सोडेना. ‘पण बाई, इतकं हुबेहूब! प्रत्यक्ष अनुभवाशिवाय—’

‘साहेब, गेल्या महिन्यात मी चार खून केले. कोबी फोडून. तेव्हा अनुभवाचं कुणी विचारलं नाही.’

मंडळातल्या एकुलत्या एक बाई खळखळून हसल्या आणि मग घाईघाईने पाणी प्यायल्या. माझ्याच वयाच्या असतील. मी चादर घडी करत होते तेव्हा जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, ‘शेवटचा श्वास बनवलेला नाही.’

‘तेवढं लिहून घेऊ नका,’ म्हटलं.

‘नाही घेत,’ म्हणाल्या, आणि चादरीचं दुसरं टोक धरून घडी घालू लागल्या.

२० फेब्रुवारी

सीन सुटला. आवाजासकट!

पेपरात फोटो आलाय. मनगट ओठांवर, डोळे मिटलेले, खाली नाव. वाण्याकडे गेले तर त्याने माझ्या मनगटाकडे बघून सुट्टे पैसे दिले. लेकीचा मेसेज — ‘ऑफिसमध्ये कळलं.’ पाच मिनिटांनी दुसरा — ‘सगळे म्हणतायत तुझी आई भारी आहे. तरी पण ई.’

ह्यांनी पेपर गादीखाली लपवला. आईने बघू नये म्हणून! त्यांना दिसत नाही हे आम्हा दोघांच्याही लक्षात जरा उशिरा आलं. मग दोघंही हसलो. पुष्कळ दिवसांनी.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आला सिनेमा. नाव आहे. ह्यांनी सासूबाईंचा फोन ‘बिघडलाय’ म्हणून कपाटात ठेवला.

१ मार्च

फोन द्यावा लागला. मालिकेत नेमकी चोरी झाली होती आणि चोर कळेपर्यंत सासूबाई घास घेईनात.

हे विचित्र वागतात. काल म्हणाले, ‘तुझा तो सीन बघितला.’ खिडकीची कडी उघडली, लावली, परत उघडली. मग म्हणाले, ‘मला माहीत नव्हतं.’ काय माहीत नव्हतं? विचारायचं धाडस झालं नाही. आज दिवसभर घरात येरझाऱ्या घालतेय. ज्या खोलीत जाते तिथून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं.

३ मार्च

सासूबाईंनी हाक मारली. ‘बस इथे. ऐकला तुझा सिनेमा. शेजारीणबाईंनी पेपर वाचून दाखवला तेव्हाच ठरवलं होतं.’

मी बसले.

‘शेवटी श्वास सोडते ती तूच ना?’

‘हो, आई.’

माझा हात चाचपडत शोधला, मनगटावर अंगठा ठेवला. ‘इतकी वर्षं मला घोर होता गं. वाटायचं, माझ्या पोराकडून तुला सुख नाही. पलीकडून कधी हूं नाही की चूं नाही. म्हणून रेडिओ लावून द्यायचे. म्हटलं, आवाजाच्या आडोशाला तरी मोकळी होतील पोरं. तर तुम्ही उलट जास्तच गप्प!’

‘आई, तो रेडिओ आमच्यासाठी...?’

‘मग कुणासाठी? मला काय गाण्यांचा शौक आहे?’

हे दारात उभे होते, चहाचा कप घेऊन. सगळं ऐकलं होतं. कप बशीवर टेकवला तो वाजला.

सासूबाईंनी तिकडे मान वळवली. ‘आलास? बरं झालं. जा दोघंही तुमच्या खोलीत.’ आणि फोन तोंडाशी धरून म्हणाल्या, ‘गाणी लाव. मोठ्याने.’