खांद्यावरचा हात

सोमवार, ४ तारीख

आज नातीकडे राहायला आले. तिच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत माझी खाट, खिडकीत ऊन, जिने चढायला नकोत. आणखी काय पाहिजे? नात ताडाएवढी झाली तरी मी तिला बुटकी म्हणते आणि ती मला म्हातारे म्हणते. आल्या आल्या तिने दोघींचा फोटो काढला. ती डावीकडे उभी, हात माझ्या खांद्यावर. मी खुर्चीत, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

ही वही तिनेच दिली. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण तिला चालतं म्हणाली. तिच्याकडे दोन कॉम्प्युटर. एक तिच्या बापाचा, म्हणजे माझ्या गेलेल्या लेकाचा, ट्रंकेएवढा. दुसरा नवा, पाटीसारखा चपटा. मधल्या वायरीने जुन्यातले फोटो नव्यात न्यायचेत, तर ते मुंगीच्या पावलाने जातात. कुठे अडतं ते बघून मी लिहायचं.

मंगळवार, ५

बुटकीने समजावलं. दोन्ही यंत्रांची घडण वेगळी. एक आकडे डावीकडून वाचतं, दुसरं उजवीकडून. म्हणून मध्ये एक दुभाषा प्रोग्राम बसवलाय. तो फोटोचा प्रत्येक तुकडा फिरवून सुलटा करतो, ताळा करून बघतो आणि मग पुढे सोडतो. म्हटलं, कचेरीतल्या कारकुनाला तूच कामाला ठेवलंस होय! ती पोट धरून हसली.

तपासायला आमचाच फोटो भलामोठा करून लावलाय. दुपारपर्यंत त्याचे शंभरातले तीन भाग गेले. मध्येच वायर ओढायची नाही, नाहीतर फोटो ना इथला ना तिथला, अशी ताकीद मिळाली.

बुधवार, ६

वेग येतो का बघायला बुटकीने ताळा बंद केला. आला की! जेवणापर्यंत वीस.

ती बाहेर गेली होती तेव्हा पडद्यावर प्रश्न आला: गेलेला भाग जुन्यातून पुसायचा का? एकच वस्तू घरात दोनदा कशाला, म्हणून मी ‘हो’ दाबलं. तिला सांगितलं नाही. उगाच बोलणी कोण खाईल.

गुरुवार, ७

अडतीस. जुन्यातल्या फोटोत डावीकडून राखाडी पट्टा सरकतोय. बुटकीचा चेहरा त्यात गेला. नव्यात ती आली, पण तीळ उजव्या गालावर. तिचा तीळ डावीकडे आहे. तिला न्हाऊमाखू मी घातलंय, मला विचारा. फोटो आरशातल्यासारखा झाला असेल, दुसरं काय.

संध्याकाळी तिने चहा दिला. डाव्या हाताने. मी मान वर केली. तीळ उजव्या गालावर.

शुक्रवार, ८

पन्नास. सकाळी तिने विचारलं, अहो आजी, बरं वाटतंय ना तुम्हाला? अहो! बोलायला लागली तेव्हापासून मला अगंतुगं करते. हसेल म्हणून मी एक शिवी हासडली. तिने माफी मागितली.

बाप आठवतो का विचारलं. म्हणाली, कुणाचा?

मग सगळं कबूल केलं, ते ‘हो’ दाबल्याचं. म्हणाली, बरं केलंत.

शनिवार, ९

एकसष्ट. ताळा परत लावायला सांगितला. नाही म्हणाली. गोड आवाजात.

जुन्यात बुटकी संपत आली. माझ्या खांद्यावरचा हात तेवढा उरलाय. पट्टा तिथवर आलाय— म्हणजे मलाही लागलाय—

रविवार, १०

ती दारात उभी आहे. पूर्ण होऊ द्या म्हणते. घाई नाही तिला.

जुन्यात आता फक्त बोटं. चार.

ना इथली ना तिथली झाली तरी चालेल. चार बोटं तरी माझ्या बुटकीची—

उजव्या हाताने मी वायर धरली आहे. ओढ म्हणतेय त्याला. ओढत नाही. माझं ऐकतच नाही तो—

आणि पेन— पेन डाव्या हातात आहे. अक्षर बघ, किती सुबक. माझं अक्षर कधी इतकं—